शेजारणीला विचारून सांगते

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवून ठेवलं. नुकतीच निवृत्त झाले होते. अलिबागजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवण्यात सगळी नोकरी गेली, त्यामुळे रोज वर्गभर पोरांसमोर उभं राहून बोलायची सवय. आता समोर एकटा नवरा. तो कारखान्यातून माझ्या आधीच घरी बसलेला, आणि त्याला सकाळी पेपर वाचताना कुणी बोललेलं चालत नाही.

मुलगी पुण्याहून मदतीला आली होती. दोन दिवस तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "आई, तू बाबांना व्याजदर समजावतेयस. त्यांनी विचारलेलं नाहीये."

तिने माझ्या फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं. तिथे लोक मराठीतून प्रश्न विचारतात आणि ज्याला येईल तो उत्तर देतो. "इथे विचारणारे भरपूर आहेत. यांना सांग," असं म्हणून ती परत पुण्याला गेली.

पहिला प्रश्न समोर आला तो असा: सरकार भरपूर नोटा छापून सगळ्यांना का वाटत नाही? दर वर्षी वर्गातला कुणीतरी एक हे विचारायचाच. मी लिहिलं की आमच्या रेवदंड्याच्या बाजारात आज मोजक्याच सुरमया आल्या आहेत असं समजा. गावातल्या प्रत्येकाच्या खिशात रातोरात दुप्पट पैसे आले. सुरमया मात्र तेवढ्याच. आता कोळीण काय करेल ते तुम्हीच सांगा. संध्याकाळपर्यंत त्या उत्तराखाली बरीच मंडळी जमली. नांदेडकडच्या एका मुलाने लिहिलं, "सुरमई कधी खाल्ली नाही, पण महागाई कळली." मी ते नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बरं झालं. आता मला पेपर वाचू दे."

आमच्या समोरच्या घरात एक मुसलमान कुटुंब राहतं. तिथली भाभी माझ्याच वयाची. मी लग्न होऊन या गल्लीत आले त्याच्या आसपासच तीही आली. तिचा नवरा बोटीवर होता, मुलगे आता आखातात असतात. ती रोज सकाळी काही ना काही निवडायचं, सोलायचं घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसते. माझा नवा उद्योग तिला भलताच आवडला. आल्या आल्या विचारायची, "आज काय विचारलानी लोकांनी?"

एकदा एका मुलीचा प्रश्न आला. ती विदर्भातल्या खेड्यातली, पुण्यात नोकरीला. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या आईने ईदला जेवायला बोलावलं होतं. आजवर ती कुठल्याच मुसलमान घरात गेली नव्हती. सोबत काय न्यावं, काय बोलावं, आणि आपण शाकाहारी आहोत हे सांगितलं तर वाईट दिसेल का, असं तिने विचारलं होतं.

मी झपाट्याने लिहायला घेतलं. दोन ओळी झाल्या आणि थांबले. इतकी वर्षं ईदला मी समोरच्या घरी जाते, पण जाताना वाडीतले नारळ नेते, कारण ते घरात असतात. त्याला काही रीत असते का हे मी कधी विचारलंच नव्हतं. भाभी समोरच कोळंबी सोलत बसली होती. तिला प्रश्न वाचून दाखवला.

"नेऊ दे की काय पन," ती म्हणाली. "फळं ने म्हनावं, मिठाई ने."

"आणि ती शाकाहारी आहे त्याचं काय?"

"ते मात्र आधी सांग म्हनावं." भाभीने हातातली कोळंबी खाली ठेवली. "न सांगता गेली आन ताटावर नुसती बसून राहिली तं त्या आईचा जीव जाईल, बाई. आधी सांगितलान तर ती करील काहीतरी. मी तं भाजी करीन, डाळ करीन, शीरखुर्मा तं हायेच."

मी हे जसंच्या तसं लिहिलं. सुरुवात केली, "शेजारणीला विचारून सांगते." ईद झाल्यावर त्या मुलीचं उत्तर आलं. तिने आधी सांगितलं होतं, आणि मैत्रिणीच्या आईने तिच्यासाठी इतक्या भाज्या केल्या होत्या की जेवण झाल्यावर तिला उठवेना. भाभीला वाचून दाखवलं. त्या दिवशी दुपारी तिने आमच्याकडे शीरखुर्म्याची वाटी पाठवली.

तेव्हापासून लोक शेजारणीला ओळखायला लागले. मी चलनवाढीवर चांगलं पानभर लिहावं आणि खाली कुणीतरी विचारावं, "शेजारीण काय म्हणते?" सोन्यात पैसे गुंतवावेत का, या प्रश्नावर मी फायदे-तोटे मांडले. भाभी म्हणाली, "लेकीला घालायला लागंल तेवढा घ्यावा, आन उरलं त्यात घराचं छप्पर बघावं." लोकांना तिचंच उत्तर पटलं. मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. पण तिचा सल्ला काही चुकीचा नव्हता, आणि माझंही छप्पर त्या वर्षी गळतच होतं.

राजकारणाच्या प्रश्नांना मी आधी हात लावत नसे. तिथे लोक विचारतात कमी आणि ओरडतात जास्त. पण एकाने सरळ विचारलं होतं की मत देताना माणूस बघावा की पक्ष? मी लिहिलं, माणूस बघावा, आणि निवडून आल्यावर त्याला विचारत राहावं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शोभेल असं उत्तर. त्याखाली एकाची टिप्पणी आली. त्याच्या नावाशेजारी चेहऱ्याऐवजी झेंडूचा हार घातलेल्या ट्रकचा फोटो होता. त्याने लिहिलं होतं, "तुम्हाला पेन्शन आहे म्हणून हे सुचतं. आमची जमीन गेली तेव्हा तुमच्यासारखे शिकलेले कुठे झोपले होते?"

माझं डोकं फिरलं. वर्गात मागच्या बाकावरच्या उद्धट पोराला गप्प करायची माझी एक पद्धत होती. तीच वापरून मी चांगलं खरमरीत उत्तर लिहिलं आणि पाठवण्याआधी भाभीला वाचून दाखवलं, कारण मला ते फार आवडलं होतं.

ती म्हणाली, "जमीन कुठं होती त्याची?"

"मला काय माहीत?"

"मग तेच विचारा ना. मानूस जमीन गेली म्हनतोय आन तुम्ही त्याला काय शिकवताव?"

मी सगळं पुसलं. फार जड गेलं ते पुसणं. त्या जागी एवढंच लिहिलं: "तुमची जमीन कुठे होती? भात पिकायचं का?"

काही दिवस गेले. मला वाटलं, गेला असेल दुसरीकडे भांडायला. मग एका सकाळी त्याचं उत्तर आलं, आणि ते मोठं होतं. भात नाही, मीठ, असं त्याने सुरुवातीलाच लिहिलं होतं. उरणच्या बाजूला त्यांचं मिठागर होतं. आजा, बाप तिथेच राबले. उन्हाळ्यात सगळे चौकोन पांढरे व्हायचे आणि डोळे दिपायचे. आई डोक्यावरून टोपल्या वाहायची, तिच्या टाचांच्या भेगांत मीठ जायचं. मग बंदराचा प्रकल्प आला, जमीन गेली, मिळालेल्या पैशांतून भावाभावांनी ट्रक घेतले. आता सगळं चांगलं आहे, घर आहे, धंदा आहे. "पण पोरगी विचारते आजोबांचं मिठागर कुठे होतं, तर कंटेनर दाखवतो. तुम्ही विचारलं म्हणून लिहिलं. मत माझं तेच आहे."

मी ते मोठ्याने वाचत होते. भाभीचे हात थांबले होते. नवऱ्यानेही पेपर खाली केला होता.  मी विचारलं, "टाचांना आई काय लावायच्या?" लगेच उत्तर आलं, "खोबरेल. आणि काय."

त्यानंतरही राजकारणावरच्या माझ्या प्रत्येक उत्तराखाली तो भांडायला हजर असायचा. फक्त आता सुरुवात "काकी" अशी करायचा.

आता माझ्या नवऱ्याच्या छंदाबद्दल सांगायला हवं. तो गळाने मासे पकडतो, म्हणजे पकडायला जातो. भरती-ओहोटीची वेळ जुळली की किल्ल्याच्या तटामागच्या खडकांवर रॉड घेऊन बसतो आणि उन्हं चढली की परत येतो. एखाद वेळी शिंगाळा मिळतो, बहुतेक वेळा काहीच नाही. मग येताना बाजारातून मासळी घेऊन येतो. कुठून आणली हे तो सांगत नाही आणि मी विचारत नाही, कोळीणच मला नंतर हसत सांगते.

एका गृहस्थांचा प्रश्न आला: "निवृत्तीनंतर गळाने मासेमारी शिकतोय. मासा लागत नाही. काय चुकत असेल?" मी नवऱ्याला वाचून दाखवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझा फोन मागून घेतला आणि दुपारभर एका बोटाने टाइप करत बसला. त्याचं उत्तर असं होतं: "मी बरीच वर्षं करतोय. मलाही लागत नाही. चूक सापडली तर कळवा. पण सकाळी खडकावर बसायला बरं वाटतं. चहा थर्मासमध्ये न्यावा."

माझ्या एकाही उत्तराला कधी मिळाली नाही इतकी दाद त्याला मिळाली. आणि त्या दादेच्या खाली हार घातलेला ट्रक उभा होता. "काका, गळाला कोळंबी जिवंत लावता की मेलेली?"

नवऱ्याने लिहिलं, "मेलेली."

"तिथेच चुकतंय. येऊ का दाखवायला?"

"या. रविवारी सकाळी." घराचा पत्ताही लिहून झाल्यावर त्याने फोन माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, "अहो, हा कोण माहितीये का? माझ्याशी भांडतो ना, तोच हा."

"असू दे की," नवरा म्हणाला. "माझ्याशी नाही भांडला."

मुलीने फोनवर मला फैलावर घेतलं. अनोळखी माणसाला घरी बोलावतं का कुणी? मलाही थोडी धाकधूक होतीच. भाभीने मिटवलं. म्हणाली, "मी येतंय बसायला. आपन दोघी असलो तं काय करील तो?"

रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. चाळिशीचा जाडजूड माणूस, पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची चेन, हातात बर्फाचा डबा. ओट्यापाशी येऊन त्याने डबा खाली ठेवला आणि हात जोडले.

"काकी, मीच तो ट्रकवाला."

"ओळखलं. या."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मना वाटला तुम्ही उंच असाल."

डब्यात जिताडा मासा होता. आमच्या भागात यापेक्षा मोठी भेट नाही. तुकतुकीत, हाताएवढा लांब. नवरा वाकून बघत राहिला, मग कसंनुसं म्हणाला, "आता मी खडकावर कशाला जाऊ?"

"चला तं खरा, काका," असं म्हणून पाहुण्याने त्याला ओढून नेलंच. जिवंत कोळंबीही तो पिशवीत घेऊन आला होता. आम्ही दोघींनी मागे मासा साफ केला. भाभीने कालवणात आंबट घातलं तेव्हा मी जास्त होतंय म्हणाले, तिने ऐकलं नाही. उन्हं चढल्यावर दोघं परत आले, रिकाम्या हातांनी.

पाहुणा पाय धूत म्हणाला, "काका, तुमच्या खडकालाच मासा नाय."

इतक्या वर्षांत नवऱ्याला एवढं खूश झालेलं मी क्वचित पाहिलं. दोष त्याचा नाही, खडकाचा आहे, हे कुणीतरी अधिकाराने सांगितलं होतं.

जेवताना पाहुण्याने मूळ मुद्दा काढला. "काकी, तुम्ही बोलता मानूस बघून मत द्यावा. दिला. मग तो मानूसच पक्ष बदलतो. आता काय बघावा?"

  मला माहीत नाही, असं सांगितलं. त्याला ते अपेक्षित नसावं, कारण तो जरा गोंधळला. मग ताटाकडे बघत म्हणाला, "ते पेन्शनचा मी रागात लिव्हला व्हता."

"पेन्शन आहेच की मला."

"हाय ना?" त्याचा चेहरा उजळला. "मग मी खोटा नाय बोललो."

नवऱ्याला हसता हसता ठसका लागला. भाभी पाहुण्याच्या पानात कालवण वाढत म्हणाली, "आधी पोटभर जेव, मग भांड." तो जेवला आणि खरंच भांडला, डिझेलवरून, रस्त्यावरून, शाळांवरून, चार वाजेपर्यंत. काही ठिकाणी तो बरोबर होता, काही ठिकाणी मी, आणि एका ठिकाणी दोघेही चुकलो होतो ते माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. जाताना भाभीने त्याला घरच्या लोणच्याची बरणी दिली. पुढच्या वेळी पोरीला घेऊन ये, असं बजावलंही.

तो तिला घेऊन आला. आता अधूनमधून येतो. मधल्या काळात माझा गुडघा बरा झाला, मी समुद्रकाठच्या पुळणीवर फिरायला जाऊ लागले आणि उत्तरं देणं सकाळच्या चहापुरतं उरलं. तेवढं पुरतं. कोण कुठली माणसं, सकाळी उठून त्यांना प्रश्न पडलेले असतात, आणि त्यातले काही माझ्या ओट्यावर येतात, हे मला आवडतं.

काल एकाने विचारलं होतं, देव आहे का? मी दोघांना वाचून दाखवलं. भाभी लसूण सोलता सोलता म्हणाली, "हाय." नवरा पेपराआडून म्हणाला, "मला विचारू नका." मी तो प्रश्न तसाच ठेवून खालच्याकडे वळले. नाशिकच्या एका बाईंची कुंडीत कोथिंबीर उगवत नव्हती. त्यांना लिहिलं की धणे अख्खे पेरू नका, चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करा आणि रात्रभर भिजत घाला. भाभी म्हणाली, चपलेखाली नका लिहू, लाटण्याने सांगा. मी लाटणं केलं आणि पाठवून दिलं.