ओढलेले आकडे

काल अमडापूरजवळच्या आमच्या शाळेत, नववीच्या तासाला, माझा एक आवडता समज मोडला... आणि कालपासून मी विलक्षण आनंदात आहे.

आलेख मी फळ्यावर शिकवत नाही, स्प्रेडशीटवर शिकवते. यंदा मुलांना सांगितले होते : चौदा दिवस, रोज सकाळी, शेतातल्या विहिरीत दगड बांधलेली दोरी तळापर्यंत सोडून पाणी किती आहे ते मोजा आणि शीटमध्ये भरा.

काल आलेख प्रोजेक्टरवर लावले. हरभऱ्याला पाणी चालू, त्यामुळे सगळ्या रेषा खाली उतरणाऱ्या, नितळ, सरळ... मला नीटनेटकेपणाचे वेड आहे. मी भरभरून कौतुक केले.

एकच रेषा वेडीवाकडी होती. सानियाची. पहिला आठवडा खाली, दुसऱ्या आठवड्यात चक्क वर!

मागून गणेश म्हणाला, "तुह्या इहिरीत टँकर रिता केला काय वं?" वर्ग हसला.

पाऊस नाही, मग पाणी चढले कसे? मी क्षणात ठरवले की आकडे घरी बसून लिहिले आहेत. "खोटी नोंद माझ्या शीटमध्ये राहणार नाही," असे म्हणून तिची ओळ पुसण्यासाठी निवडलीसुद्धा.

सानिया उभी राहिली. "म्या रोज मोजलं, मॅडम. पुसा, पण आंधी मले एक कॉलम वाढवू द्या."

तिने कॉलमला नाव दिले : लाईन. पहिल्या सात दिवसांपुढे लिहिले 'रात', पुढच्या सातांपुढे 'दिवस'.

"लाईन रातची असली का मोटर रातभर चालते, सकाळी पाणी खाली. दिवसाची असली का संध्याकाळी मोटर बंद. रातभर इहीर भरते."

मी थक्क झाले... आणि लगेच दुसरा प्रश्न पडला. शिवारात सगळ्यांची वीज एकाच वेळापत्रकाने येते, एक आठवडा रात्री, एक आठवडा दिवसा. मग बाकीच्या विहिरींना ते कळले नाही?

गणेशच्या ओळीतले फरक काढले. रोज चार इंच. शेवटपर्यंत चार इंच.

बाकीच्या ओळींतही तेच, रोजचा फरक एकसारखा. शेवटी गणेशच म्हणाला, "मॅडम, पहिले दोन दिवस मोजलं. बाकीचं ओढलं... तुमीच शिकवलं व्हतं ना ओढाले."

खरे होते. दोन आकडे निवडून कोपरा खाली ओढला की पुढचे आकडे आपोआप येतात, हे मीच आदल्या महिन्यात मोठ्या अभिमानाने दाखवले होते. बत्तीस मुलांनी ते निर्दोष आत्मसात केले होते!

मी सानियाची वर्गासमोर माफी मागितली. चूक मान्य करणे मला सहज जमत नाही, काल जमले.

आज सकाळी प्रार्थनेआधीच सात जण लॅबच्या दारात उभे होते, दप्तरात ओल्या दोऱ्या घेऊन. गणेश सगळ्यांत पुढे. "हात लावून पाहा, मॅडम," म्हणाला.

मी हात लावला... दोरी गार होती, गाठीत शेवाळ अडकले होते.

सानियाच्या आलेखाची प्रिंट लॅबच्या दारावर लावली आहे. खाली माझ्या अक्षरात लिहिले आहे : 'ही ओळ मी पुसणार होते.' तिने मला थांबवले, याबद्दल मी तिची ऋणी आहे.