हिरवळीला पाजलेलं पाणी

आशागडच्या पलीकडे चिकूच्या एका वाडीत मुंबईच्या शेठने स्वतःपुरती हिरवळ करून घेतली होती. खळ्याहून थोडी मोठी, मध्ये एक भोक, आणि काठीने पांढरा चेंडू हळूच ढकलून त्या भोकात घालायचा. याला गोल्फ म्हणतात, एवढंच मुकादम देवजीने बायजीला सांगितलं होतं.

बायजी वाडीला लागून असलेल्या पाड्यावरची. डोंगरावरचं गवत कापण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलेलं. विळ्यावर हात बसलेला म्हणून देवजीने तिला या कामावर घेतलं. सकाळी उठून हरळीवर लांब बांबू फिरवायचा आणि दव झाडायचं, कारण ओल्या गवतावर चेंडू मागे रेघ ओढत अर्ध्या वाटेत बसतो. गांडुळांनी वर काढलेली माती मोडायची, नाहीतर चेंडू उडतो आणि वाट सोडतो. मग दगडी रूळ ओढायचा. काम तिला आवडायचंही. रूळ फिरवल्यावर चेंडू सरळ घरंगळत गेला की तिला बरं वाटायचं.

अठ्ठावन्न सालचा उन्हाळा मात्र वाईट आला. वैशाखात हिरवळीखालची जमीन कडक झाली, हरळी विरळ पडली. शेठने चेंडू ढकलला की तो भोकाला शिवून पार कडेला जाऊन पडायचा. एका रविवारी पाहुणे यावर हसले. दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला की हिरवळीला दोन्ही वेळ पाणी द्यायचं. वाडीच्या विहिरीचं पाणी चिकूच्या झाडांनाच पुरत नव्हतं. म्हणून तेलावरचं इंजिन आणून बांधावरच्या विहिरीवर बसवलं. ती विहीर कागदावर शेठची होती, पण वाडी लागण्याआधीपासून पाडा तिच्यावरच जगत होता.

इंजिन चाललं की विहिरीत चिखल उरायचा. पाड्याच्या बाया हंडे घेऊन पाझराची वाट बघत बसायच्या, आणि इकडे बायजीच्या हातात रबरी नळी. शेजारची सुकी नुकतीच बाळंत झाली होती. तिची सासू एक दिवस बांधाशी येऊन उभी राहिली. गवतावर पडणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली आणि रिकामी कळशी घेऊन परत गेली. बायजीला वाटलं, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

तिने देवजीला सांगून पाहिलं. तो म्हणाला, नदीत डबकी आहेत, तिकडे जा. त्या डबक्यांत गुरं बसायची. बायजीच्या अंगाची आग झाली. जमीनदारांची वेठ उठून इतकी वर्षं झाली, आता हे माणसाच्या तोंडचं पाणीही काढून नेणार?

पुढच्या रविवारी शेठ पाहुण्यांना घेऊन हिरवळीवर आला, तेव्हा ती नळी हातात धरून सरळ त्याच्यासमोर गेली. तिच्या बोलीत लहानमोठ्या सगळ्यांना ‘तू’च.

"शेठ, इंजिन बंद कर. पाड्याला प्यायला पाणी नाही."

शेठ रागावला नाही. उलट त्याने समजावून सांगितलं, की पाणी नसेल तर चेंडू हवा तसा फिरत नाही, आणि गवत मरेल.

"गवत मेलं तर पावसात परत येतं," बायजी म्हणाली. "सुकीचं पोर मेलं तर कुठल्या पावसात येईल?"

एक पाहुणी खाली बघायला लागली. शेठने देवजीला खूण केली. देवजी पुढे यायच्या आत बायजीने बांधाकडे तोंड करून बायांना हाक मारली. त्या आल्या, दहा-बारा जणी, हंडे-कळशा घेऊन. हिरवळीच्या मधोमध हंडे ठेवून त्यांनी नळीने पाणी भरलं. भिजलेल्या मातीत टाचा रुतल्या, हंड्यांच्या बुडांचे गोल ठसे उमटले. चेंडू त्यातल्याच एका खड्ड्यात जाऊन बसला. कोणीही घाई केली नाही. भरलेले हंडे डोक्यावर घेऊन त्या आल्या तशा गेल्या.

संध्याकाळी देवजी एका हवालदाराला घेऊन आला. हवालदाराने किती गवत खराब झालं, कोणी तुडवलं, सगळं विचारलं. विहिरीबद्दल एक शब्द विचारला नाही. बायजी सांगायला लागली तर म्हणाला, तो वेगळा विषय आहे. दम देऊन त्याने तिला सोडलं. काम गेलंच होतं.

पण रोज भांडण नको म्हणून शेठने बांधावरचं इंजिन उचललं आणि हिरवळीसाठी नदीकाठी नवी विहीर खणून घेतली. पाऊस पडायच्या आत तिला पाणीही लागलं. पाड्यावर सगळे म्हणाले, बायजी, तू जिंकलीस. सुकीने पोराला तिच्या मांडीवर आणून ठेवलं.

बायजीला मात्र आनंद होईना. पोराच्या पाठीवर थापट्या मारता मारता ती म्हणाली, "विहीर खणायला त्याच्याकडे जागा होती, माणसं होती. मग आधी का नाही खणली?"

बायजी परत डोंगरावर गवत कापायला जायला लागली. राग गिळून टाक असं तिला पुष्कळांनी सांगितलं. ती म्हणायची, मी का गिळू, ज्याने केलं त्याला गिळू दे.