तारा बसली होती

माझं शेवटचं पोस्टिंग काश्मीरमध्ये होतं, पायदळाच्या एका बटालियनबरोबर. मी डॉग हँडलर. हुद्दा हवालदार, नाव मिलिंद गायकवाड, घर पुण्यात वारज्याला. माझ्याकडे तारा होती. पिवळी लॅब्रॅडोर, वय सहा वर्षं, काम स्फोटकं हुंगून शोधणं. आमच्या जोडीनं तीन वेळा रस्त्यात पुरलेला आयईडी शोधला होता. तिन्ही वेळा शाबासकी मला मिळाली, तिला बिस्किट.

रोजचं काम ठरलेलं. ०४३० ला उठायचं, ताराला फिरवून आणायचं, ०६०० ला रोड ओपनिंग पार्टीबरोबर निघायचं. आमच्या वाट्याला चार किलोमीटर रस्ता होता. तो आम्ही पायी तपासायचा आणि मगच त्यावरून सैन्याच्या गाड्या सोडायच्या. सगळ्यांत पुढे तारा, तिच्या मागे पट्टा धरून मी, माझ्या मागे माझा बडी. हँडलरची नजर कुत्र्यावर असते, त्यामुळे त्याच्या जिवाची काळजी बडीनं करायची असते. माझा बडी होता लान्स नायक इरफान मुलाणी, लोणी काळभोरचा. वय सव्वीस. दोघंही पुण्याकडचे म्हणून आम्ही आपसांत मराठी बोलायचो.

नागरी माणसांना एक गोष्ट सांगायला हवी. स्फोटकाचा वास लागला की असं कुत्रं भुंकत नाही, उकरत नाही. ते त्या जागी खाली बसतं आणि हँडलरकडे बघतं. त्याला आम्ही इंडिकेशन म्हणतो. कुत्रं बसलं की सगळे थांबतात. हा नियम आहे आणि तो कोणाच्या मर्जीवर नाही.

थंडी सुरू झाली आणि तारा सकाळी उठताना अडखळू लागली. मागची दोन्ही पावलं ससा टाकतो तशी एकदम टाकायची. दहा-पंधरा मिनिटं चालली की मोकळी व्हायची. पहिल्यांदा इरफाननं बघितलं.

"उस्ताद, तारा लंगडती हाय."

"थंडीनं आखडलीय."

"मागच्या पायात काहीतरी हाय बघा. डॉक्टरसाहेबांना दाखवा."

"बघू."

मी दाखवलं नाही. कारण सरळ होतं. ती अनफिट ठरली असती तर माझ्याकडून गेली असती. मला नवं कुत्रं मिळालं असतं, किंवा मागे कुठेतरी स्टोअरची ड्यूटी. नोकरीचं वर्षही उरलं नव्हतं आणि मला ताराबरोबरच निवृत्त व्हायचं होतं. त्याला मी तेव्हा माया म्हणत होतो.

महिन्यातून एकदा व्हेटर्नरी ऑफिसर, एक मेजर, कुत्र्यांच्या तपासणीला यायचे. त्या दिवशी मी ताराला आधी अर्धा तास चालवून मोकळी केली. तिच्या जुन्या जखमेच्या वेळच्या वेदनाशामक गोळ्या किटमध्ये उरल्या होत्या, त्यातली एक दिली. मेजरसाहेबांनी तिला पळवून बघितलं.

"कोई तकलीफ, हवालदार?"

"नो सर. फिट है."

इरफान तिथेच उभा होता. त्यानं ऐकलं, पण मी त्याचा सीनियर होतो.

पुढच्या आठवड्यात तारा गस्तीवर मध्येच बसली. मी हात वर केला. पार्टी थांबली, बॉम्बवाले आले, दीड तास रस्ता बंद. काहीच निघालं नाही. कंपनी कमांडर म्हणाले, "गायकवाड, कुत्ता थक गया या तुम?" सगळ्यांसमोर. ते मला लागलं.

मग ती पुन्हा बसली. या वेळी मी नीट बघितलं. खऱ्या इंडिकेशनला ती ताठ बसायची. आता मात्र एका कुल्ल्यावर कलून, पाय बाजूला टाकून बसली होती. मी ठरवलं, हे दुखण्याचं बसणं. "उठ," म्हणालो. उठली. पुढे काही झालं नाही. असं आणखी दोनदा झालं. दोन्ही वेळा माझं बरोबर ठरलं आणि नियम माझ्या मर्जीवर आला.

त्या दिवशी सकाळी धुकं होतं, मागची पार्टी दिसत नव्हती. ०७१० ला आम्ही रस्त्याखालच्या एका मोरीपाशी पोचलो. तारा मोरीच्या कठड्यापाशी गेली, हुंगलं आणि बसली. कलून, पाय बाजूला टाकून. माझ्याकडे बघत राहिली.

"उठ, तारा."

उठली नाही.

इरफान मागून म्हणाला, "उस्ताद, थांबूया का?"

"पाय दुखतोय तिचा. चल."

मी पट्टा ओढला. दोनदा ओढावा लागला. ती उठली आणि माझ्यामागून आली, पण मान वळवून मागे बघत. वीसेक पावलं गेल्यावर मी वळून पाहिलं. इरफान आला नव्हता. मोरीपासून चार हात अलीकडे एक गुडघा टेकून तो कठड्याखाली बघत होता. डावा हात त्यानं वर केला होता. थांबा, असा.

०७१२ ला स्फोट झाला.

मी आणि तारा रस्त्याच्या कडेला फेकले गेलो. कानात नुसती शिटी. कोणीतरी वायरलेस सेटवर ओरडत होतं, "आयईडी ब्लास्ट, वन कॅज्युअल्टी, एम्ब्युलन्स भेजो, ओव्हर." मी सरपटत इरफानपर्यंत गेलो. तो शुद्धीवर होता. ०७३५ ला गेला. ॲम्ब्युलन्स ०७४० ला आली.

चौकशीत मला विचारलं, "डॉग ने इंडिकेशन दिया था?"

मी म्हणालो, "नो सर."

दोनच शब्द. ताराच्या रेकॉर्डमध्ये लिहिलं गेलं की तिनं आयईडी चुकवला, भरवशाची नाही. तिला ड्यूटीवरून काढलं. नंतर तपासणीत कमरेच्या सांध्यांचा आजार निघाला, तेव्हा स्फोटात मार लागला असेल, असं सगळ्यांनी धरलं. मी तेही धरू दिलं. आठ महिन्यांनी मी निवृत्त झालो आणि अर्ज करून ताराला घरी आणलं. वारज्याच्या सोसायटीत लोक म्हणाले, केवढं मोठं मन.

घरात गुळगुळीत फरशी. ताराचे मागचे पाय फाकायचे, उठताना ती कण्हायची. सकाळी मी बुद्धवंदना म्हणायला बसलो की ती शेजारी येऊन पडायची. पंचशीलात खोटं न बोलण्याचं शील आलं की माझा आवाज आपोआप खाली जायचा. एकदा बायको म्हणाली, "अहो, तिथे काय अडतं तुमचं?" मी घशाचं कारण सांगितलं. हेही खोटंच.

पुढच्या पावसाळ्यात ताराला जिना चढता येईना. मी तिला जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. शेजारी एक आजी टोपलीत मांजर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "पूर्वी कपाटावर चढायची. हल्ली चढत नाही. मला वाटलं, शहाणी झाली. डॉक्टर म्हणतात, गुडघे गेलेत."

डॉ. साठे चाळिशीच्या बाई, बोलणं तुटक. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला.

"मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसतच नाही. हे जन्मापासूनचं. वर संधिवात. किती दिवस लंगडतेय?"

"स्फोटात पडली होती. दीड वर्ष झालं."

"अहो, हे दीड वर्षाचं नाही. हाडाच्या कडा बघा, किती वाढल्यात. त्याच्या बऱ्याच आधीपासून दुखत असणार. आपल्याला दिसलं नाही?"

"दिसलं होतं," मी म्हणालो. पहिल्यांदाच कोणापुढे.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कागद पुढे ओढला. वजन सहा किलो उतरवायचं. फरशीवर रबरी मॅट. जिना बंद, उचलून न्यायचं. आठवड्याला एक इंजेक्शन, अशी चार. दुखण्याचं औषध वजन बघून, रक्त तपासून. माणसांची गोळी चुकूनही नाही. ताकद आली की पाण्यातलं चालणं. "बरी होणार नाही, पण सुखानं जगेल. वेळेवर आणली असती तर सांधे इतके झिजले नसते."

मी विचारलं, "दुखत असताना कुत्रं कलून बसतं ना? आणि दुखत नसेल तेव्हा ताठ?"

"असं काही नाही. कंबर इतकी गेली की कुत्रं ताठ बसूच शकत नाही. कारण काहीही असो, ते कलूनच बसणार."

मी ताराला उचललं आणि बाहेर आलो. गाडीत बसलो, पण चावी फिरवता येईना. तिनं मोरीपाशी तिला जमेल तितकं नीट बसून दाखवलं होतं.

पुढच्या रविवारी ताराला घेऊन मी लोणी काळभोरला गेलो. इरफानच्या वडिलांचं, अब्बासचाचांचं, शिवणाचं दुकान आहे. शाळेचे गणवेश शिवतात. मी उंबऱ्यापाशी उभा राहून सगळं सांगितलं. गोळी, तपासणी, मोरी, चौकशी. चाचांनी मशीन थांबवलं, पण मान वर केली नाही.

"कुत्रीनं चूक केली, असं फौजेच्या पत्रात व्हतं," ते म्हणाले.

"चूक तिची नव्हती, चाचा. माझी होती."

"ठावं हाय मला."

मला कळेना.

"इरफान फोनवर सांगायचा. कुत्री लंगडती हाय, उस्तादला दोनदा बोललो, ऐकत न्हाई. म्हनायचा, अब्बा, पर कुत्री लई हुशार, ती बसली की मी थांबनार." त्यांनी आता माझ्याकडे पाहिलं. "पत्र आलं तवाच मला कळलं, कायतरी खोटं हाय. वाट बघत व्हतो. लई दिवस लावले तुम्ही."

मी म्हणालो, "माफ करा."

ते उठले. आत जाऊन एका भांड्यात पाणी आणलं आणि ताराच्या पुढ्यात ठेवलं. तिला वाकता येईना, तेव्हा भांडं हातात धरून तिच्या तोंडाशी नेलं. तिचं पिऊन होईपर्यंत तसेच उकिडवे बसून राहिले. मला बसा म्हणाले नाहीत. निघताना एवढंच म्हणाले, "जिथं खोटं बोलला, तिथं जाऊन खरं सांगा. मला सांगून काय व्हनार?"

दुसऱ्या दिवशी मी बटालियनला पत्र लिहिलं. चार पानी, सही करून, रजिस्टरनं. सगळ्या वेळा जशा होत्या तशा घातल्या. जी शिक्षा होईल ती मान्य आहे, असंही लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: पत्र मिळालं, नोंद घेतली. पुढे काही आलं नाही. शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं, हे मी आता कबूल करतो.

तारा त्यानंतर अडीच वर्षं जगली. वजन उतरलं, दुखणं आटोक्यात आलं, संध्याकाळी सोसायटीच्या बागेत दोन फेऱ्या मारायची. बागेत कोणाचं कुत्रं किंवा मांजर उठायला-चढायला कुरकुर करताना दिसलं की मी मालकांना थांबवून डॉक्टरकडे पाठवतो. लोकांना मी आगाऊ वाटतो. वाटू दे.

दर वर्षी त्या तारखेला मी लोणी काळभोरच्या कब्रस्तानात जातो. चाचा असतात. आम्ही फारसं बोलत नाही. गेल्या वर्षी त्यांनी विचारलं, "तुम्ही पत्रात शेवटी काय लिव्हलं व्हतं?" मला पाठ होतं, म्हणून सांगितलं.

"त्या सकाळी ०७१० वाजता श्वान ताराने योग्य इंडिकेशन दिले. लान्स नायक इरफान मुलाणी याने ते ओळखले आणि तो थांबला. त्या दोघांनी आपले कर्तव्य पूर्ण केले."