ताईच्या लाँड्रीतली शिफ्ट

माझी थोरली बहीण एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीची सुपरवायझर. एकोणिसाव्या वर्षी चादरींच्या घड्या घालायला लागली, त्या पगारावर मला शिकवलं, आणि शिकून मी झालो काय? तर बिझनेस स्कूलमध्ये नेतृत्व शिकवणारा मास्तर! ताई हसते. म्हणते, "पोहायला शिकवतोस, तेही फळ्यावर."

तिच्या टोमण्यांना कंटाळून यंदा मी वर्गातल्या पोरांना एकेक दिवस तिच्याकडे धाडायला लागलो. त्या दिवशी शिफ्ट विद्यार्थ्याची, ताईने मध्ये बोलायचं नाही, असं ठरलं. तिला ते किती जड गेलं असेल देव जाणे.

ताईची एक पद्धत आहे. सकाळी मशीन सुरू करण्याआधी सगळ्या बायका टेबलाभोवती उभ्या राहतात आणि कुठे काय बिघडलंय ते सांगतात. सुरुवात सगळ्यात नव्या बाईने करायची, ताईने सगळ्यात शेवटी. "मी आधी तोंड उघडलं की बाकीच्या नंदीबैलासारख्या माना डोलावतात," असं तिचं म्हणणं.

त्या मंगळवारी पाळी होती कॅप्टनची. हे वर्गाने ठेवलेलं नाव. पोरगा बोलायला लागला की समोरच्याला जांभई द्यायलाही फट मिळायची नाही. माझा लाडका. पुढच्याच आठवड्यात त्याची मोठ्या कंपनीत मुलाखत होती आणि शिफारसपत्र मी देणार होतो. पठ्ठ्याने टेबलापाशी स्वतःच सुरुवात केली. टीमवर्कवर पंधरा मिनिटं! मग घड्याळ पाहून म्हणाला, "काही अडचण नाही ना? चला." नव्या बाईने तोंड उघडलं आणि मिटलं. सोबत आलेल्या मी ते पाहिलं होतं, पण मीही गप्प बसलो.

साडेसातला कळलं, दोन नंबरचा ड्रायर नीट तापतच नव्हता. ऑपरेशनच्या हिरव्या चादरी दमट निघाल्या. आठपर्यंत त्या वर ऑपरेशन थिएटरला गेल्या नाहीत तर दुपारची ऑपरेशनं रखडणार.

कॅप्टनचा चेहरा पांढराफटक. ताईने एक शब्द न बोलता कपाटाची किल्ली पुढे केली. आत राखीव चादरी होत्या, अचानक येणाऱ्या अपघाताच्या केसेससाठी ठेवलेल्या. आठला पाच कमी असताना त्या वर पोचल्या. मी पोराच्या पाठीवर हात ठेवला. "वेळेत गेल्या ना? मग झालं. रिपोर्टमध्ये लिहू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तिथे ताईचा संयम सुटला. "हे शिकवतोस होय रे त्यांना? राखीव कपाट रिकामं झालंय, हे वरच्या सिस्टरला कळायला नको? आता अपघाताची केस आली तर पेशंटवर काय तुझं शिफारसपत्र पांघरायचं?" सगळ्या बायकांसमोर बोलली. लाज वाटली मला, आणि खोटं कशाला सांगू, रागही आला.

कॅप्टन आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत राहिला. माझं बिनसलं तर पत्र गेलं, हे न कळण्याइतका तो दूधखुळा नव्हता. मग म्हणाला, "सर, मी सांगून येतो," आणि तीन जिने चढून गेला.

परतला तो कान लाल करून. सिस्टरने चांगलीच हजेरी घेतली होती. अपघाताची केस आलीच तर चादरी हाताशी असाव्यात म्हणून दुपारची दोन ऑपरेशनं त्यांनी पुढे ढकलली. पोरगा सरळ नव्या बाईपाशी गेला. "मावशी, सकाळी तुम्ही काय सांगणार होतात?" आणि चक्क तोंड मिटून ऐकलं.

संध्याकाळी मी ताईपुढे मूल्यमापनाचा फॉर्म ठेवला. दूरदृष्टी, संवादकौशल्य वगैरे दहा रकाने. तिने सगळ्यांवर आडवी रेघ मारली आणि लिहिलं, 'चुकला. स्वतः वर जाऊन सांगून आला.' खाली सूचनांच्या जागी लिहिलं, 'मास्तरांनी लपवायला सांगितलं होतं. त्यांनाही एक शिफ्ट द्यावी.'

"अगं, हे आमचे डीन वाचतील!"

"वाचू देत की."

दुसऱ्या दिवशी माझ्या खिशात एक कोरा फॉर्मही होता. ताईची सही मला शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून येते. डीनच्या दारापर्यंत दोन्ही कागद घेऊन गेलो. आत तिचाच दिला. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, "हे खरं आहे?"

"हो," म्हणालो. वीस वर्षं नेतृत्व शिकवतोय, पण एवढं एक 'हो' म्हणायला मला घाम फुटला.