फिनेलला वाणाचं उत्तर

बरकतपुऱ्यातल्या आमच्या इमारतीचा जिना फिनेलने धुतला की माझ्या नवऱ्याला धाप लागायची. यांना जुना दमा. तिसऱ्या मजल्यावरून उतरायचं आणि फाटकाजवळच्या बाकावर पेपर वाचत बसायचं, एवढीच यांची चैन, तीही बंद पडली. दिवसभर गॅलरीतून त्या बाकाकडे बघत बसायचे. मला ते बघवायचं नाही.

सोसायटीच्या बैठकीत मी विषय काढला. आमचे सेक्रेटरी म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त वकील. म्हणाले, "वहिनी, वास आल्याशिवाय साफ झालं हे कळणार कसं? एवढी परेशानी असेल तर दार लावून बसा." बाकीचे पुरुष हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी मी गौलीगुड्यातल्या रसवाल्याकडून पिशवीभर बत्तायीच्या, म्हणजे मोसंबीच्या साली घेऊन आले.

साली, गूळ आणि पाणी ड्रममध्ये भरून तीन महिने मुरवलं की फरशी पुसायचं झकास पाणी तयार होतं. ताक बिघडल्यासारखा आंबूस वास येतो, पण यांच्या छातीने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. दसऱ्याला ड्रम भरला तेव्हाच संक्रांत माझ्या डोक्यात होती.

आमच्याकडे जिना धुणारी बाई एकच, पण तिला सामान द्यायची पाळी आठवड्याला एकेका घराची. फिनेलचा ठराव पुरुषांनी केलेला; बादलीत काय ओतायचं ते मात्र बायकांच्या हातात. वकीलसाहेबांनी एवढी वर्षं कोर्टात घालवली, पण हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी इमारतीतल्या झाडून सगळ्या बायकांना बोलावलं आणि वाण म्हणून प्रत्येकीला त्या पाण्याची मोठी बाटली दिली. सांगितलं, "तुमच्या पाळीला जिन्याला हेच द्या." वाण कुणी परत करत नाही. आमच्या तेलुगू शेजारणीही त्यांच्या वायनाचं तसंच मानतात. वकीलसाहेबांच्या बायकोला कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हटलं, गोड बोला. मनात त्या वेळी काय बोलत होते ते माझं मला ठाऊक.

एकेक पाळी होत गेली. जिन्याचा वास हटला तशी यांची धापही कमी झाली. शेवटी वकीलसाहेबांच्या घराची पाळी आली. ते फिनेलची बाटली घेऊन दारात उभेच होते. आतून त्यांची बायको म्हणाली, "सवाष्णीने दिलेलं वाण आहे. घरात पडू देऊ का?" त्यांनी फिनेलची बाटली परत आत नेऊन ठेवली. मी वरच्या पायरीवर उभी राहून सगळं ऐकलं, आणि खरं सांगते, त्या दिवशी मला जेवण दुप्पट गेलं.

मग बायकाच म्हणाल्या, आता इमारतीपुरतं एकदमच करून ठेवा. मोठा ड्रम आणला. ठेवायचा कुठे, हा प्रश्न निघाला. मी म्हटलं, जिन्याखाली, सावलीत. जिन्याखाली म्हणजे वकीलसाहेबांच्या दाराला लागून. जागा मी आधीच हेरून ठेवली होती.

पंधरवडा गेला असेल, एका सकाळी ते जिना चढून आमच्या दारात आले. "वहिनी, तो ड्रम तिथून हलवा. फार आंबूस वास येतोय, घास उतरत नाही."

हे उत्तर मी किती दिवस पाठ करून ठेवलं होतं. "वकीलसाहेब, वास आल्याशिवाय साफ होतंय हे कळणार कसं? एवढी परेशानी असेल तर दार लावून बसा."

ते तसेच मागे वळले. जिना उतरले, आणि थोड्या वेळाने खालचं दार लागल्याचा आवाज आला.

हे म्हणाले, "जाऊ दे ना आता. फार लागलं त्यांना. हलवू या ड्रम."

"हलवू की," मी म्हटलं. "तुम्ही जेवढे दिवस गॅलरीत काढलेत तेवढे त्यांना दाराआड काढू देत. मग हलवू."

यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. मग पेपर काखेत मारला आणि बाकावर बसायला निघाले. प्रत्येक मजल्यावर थांबत, हल्लू हल्लू, पण स्वतःच्या पायांनी खाली उतरले.