जनाब-ए-आलींची भाकरी

कुत्र्याशी अर्जातल्या उर्दूत बोलणारा लिंगायत वाणी सबंध निजामाच्या राज्यात एकच होता, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा साडू निघाला. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली त्यांच्या घरी, धाकटी माझ्या. आमच्या बेंबळी गावात त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत होती आणि त्या भिंतीपलीकडं सहा कुत्री होती. दिवसभर शाळेत पोरांना उर्दूचे धडे देऊन माझा घसा बसलेला असायचा. घरी येऊन पाठ टेकावी, तर पलीकडून एक भुंकायचं, दुसरं त्याला दुजोरा द्यायचं आणि उरलेली चार त्या दोघांची समजूत काढायला धावायची. गाव माझ्या साडूंना अण्णा म्हणायचं, म्हणून मीही अण्णाच म्हणे. त्या काळात मला कुणी विचारलं असतं की मास्तर, आयुष्यात तुम्हाला काय हवं, तर मी म्हणालो असतो, एक जाडजूड भिंत.

ही सहा कुत्री अण्णांनी हौसेनं पाळलेली नव्हती. कुणी गाडीखाली सापडलेलं, कुणी विहिरीत पडलेलं, कुणाला मालकानंच येडशीच्या बाजारात सोडून दिलेलं. दुकानाचा माल आणायला बैलगाडी घेऊन गेलेले अण्णा परत आले की अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, आधी पोती मोजायची नाही. पोत्यांच्या मागं काही हलतंय का ते बघायची. हलत असलं की ती कपाळाला हात लावून ओट्यावर बसायची. अण्णा खाली मान घालून म्हणायचे, "रामलिंगाची आण, हे शेवटचं." रामलिंगाच्या नावानं सहा वेळा शेवट झाला होता. कुत्र्यांना घरचे सगळे नेम लागू होते. ताकात कुस्करलेली भाकरी खायची आणि सोमवारी घरच्या माणसांबरोबर दिवे लागेपर्यंत उपास करायचा. एका श्रावणी सोमवारी त्यातल्या एकानं माझ्या घरातली भाकरी पळवली, तर अण्णा देवळात जाऊन त्याच्या वतीनं नाक घासून आले. माझी भाकरी मात्र परत आली नाही. या सहांशी मात्र ते कानडीत बोलत. "बा" म्हटलं की सहाही येत, "कुंद्रु" म्हटलं की बसत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "मराठीत मानूस भांडतो, मास्तर. मुक्या जित्राबाला कशाला भांडान शिकवायचं?" या सहांची कारभारीण एक म्हातारी, एका डोळ्यानं आंधळी कुत्री होती. तिला ते अव्वा म्हणत, म्हणजे आई. ताटात तोंड घालण्याचा पहिला मान अव्वाचा. तिचं झाल्यावर बाकीची पाच, मग अण्णा, आणि सगळ्यात शेवटी, भाकरी गार झाल्यावर, अक्का.

अण्णांना स्वतःला जगात मान एकच होता, आणि तो खरा मान होता. महाशिवरात्रीला आमच्या महादेवाची पालखी निघते. तिच्यापुढं एक उंच वेळूची काठी चालते, तिला वस्त्रं गुंडाळलेली, शेंड्याला कळस. ती काठी धरायचा मान अण्णांच्या घराण्याकडे आज्या-पणज्यापासून होता. एरवी पाठ दुखते म्हणून गुळाची ढेपसुद्धा गिऱ्हाइकाकडून उचलून घेणारा हा माणूस त्या दिवशी उपाशीपोटी साऱ्या गावातून ती काठी नाचवायचा. कळस तसूभर कलायचा नाही. त्या दिवशी मला ते साडू आहेत याचा अभिमान वाटायचा. बाकीचे दिवस मी दमलेला असायचो.

जर्मनची लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. पौषात अण्णा येडशीहून माल घेऊन येत होते. रामलिंगाच्या रानाजवळ कुणी एक जागीरदार शिकारीला आला होता. त्याच्या शिकारी कुत्र्याचा पाय सशामागं पळताना मोडला होता. उंच, सडपातळ, कारवानी जातीचं कुत्रं. जागीरदारानं बंदूक उचलली होती. अण्णा गाडीवरून उतरले आणि बंदूक आणि कुत्रं यांच्या मधोमध जाऊन उभे राहिले. त्यांना उर्दू यायची नाही. तहसिलीत खेटे घालण्यात जन्म गेला, पण तिथंही ते अर्जनवीसाकडून अर्ज लिहून घ्यायचे, आणि तो मोठ्यानं वाचायचा तेवढीच वाक्यं त्यांच्या कानात राहिली होती. म्हणून बंदुकीपुढं हात जोडून ते म्हणाले, "जनाब-ए-आली की खिदमत में फिदवी की गुजारिश है." म्हणजे, हुजुरांच्या सेवेत या पामराची विनंती आहे. पुढचं त्यांना येत नव्हतं, म्हणून त्यांनी कुत्र्याकडं बोट दाखवलं. जागीरदार इतका हसला म्हणे, की त्याला नेम धरता येईना. "ले जाओ," तो म्हणाला, "तीन दिन में मर जाएगा."

संध्याकाळी गाडी दारात आली. अक्का पोत्यांमागं बघून ओट्यावर बसली. "रामलिंगाची आण," अण्णांनी सुरुवात केली. "त्या देवाला तरी इसावा द्या आता," अक्का म्हणाली.

पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या, हळद-तेल झालं, पण कुत्रं काही खाईना. भाकरी हुंगायचं आणि तोंड फिरवायचं. दूध दिलं, गूळ-तूप दिलं, अक्कानं कुरकुरत का होईना शेंगदाण्याची पोळी केली. ते नुसतं बघायचं. जन्मभर मटणावर वाढलेला जीव तो. कानडीही त्याला कळत नव्हती. "बा" म्हटलं की उरलेली सहा यायची आणि नव्या पाहुण्यावर गुरगुरायची. तिसऱ्या दिवशी अण्णा भिंतीवरून म्हणाले, "मास्तर, त्याच्या भाषेत सांगा की जरा, जेव म्हणावं." मी शाळेतून नुकताच आलो होतो. अंगात त्राण नव्हतं. तरी गेलो, आणि त्या कुत्र्याला उर्दूत भाकरीचं महत्त्व सांगितलं. शाळेतल्या पोरांइतकंच लक्ष त्यानं दिलं. मग अण्णा स्वतः पुढं झाले, हात जोडले आणि अर्जनवीस येणाऱ्याला बसा म्हणायचा तसं म्हणाले, "जनाब-ए-आली, तशरीफ रखिये." कुत्रं ताबडतोब बसलं. अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला नोकरी सोडावीशी वाटली. बसलं खरं, पण जेवलं नाही, आणि त्याच्या बरगड्या आता बोटानं मोजता येत होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी अण्णा खाटीकगल्लीत गेले. ज्या गल्लीच्या वाऱ्यालाही ते कधी उभे राहिले नव्हते, तिथं. खाटीक बिचारा त्यांना पाहून गडबडला. "अण्णा, तुमी कशापायी आलासा? म्या गड्याच्या हाती शेतावर धाडून देतो." अण्णा म्हणाले, "न्हाय. पाप माझं, तर पाय बी माझंच. दुसऱ्याला कशाला भागीदार करू?" मात्र हात लावायची हिंमत होईना. शेवटी पळसाच्या पानात बांधलेला पुडा एका लांब काठीच्या टोकाला अडकवला, आणि काठी दोन्ही हातांनी पुढं धरून, तोंड फिरवून ते गावाबाहेरच्या खळ्यावर निघाले. मागून लंगडत जनाब-ए-आली, आणि त्यांच्या मागून मी, कारण "मास्तर, सोबतीला या, मला एकट्याला ह्ये झेपायचं न्हाय." खळ्यावर कुत्रं जेवलं, आणि अण्णा त्याच्याकडं पाठ करून शिवनाम घेत उभे राहिले. मग पौषातल्या थंडीत विहिरीवर कपड्यांसकट आंघोळ, भस्म, आणि कुडकुडत घर. हे रोज चाललं. मला रोज शाळेला उशीर व्हायचा आणि उशिराचं कारण मुख्याध्यापकांना सांगण्यासारखं नसायचं.

घरी मात्र एक निराळंच झालं. जनाब-ए-आली खळ्यावरून परतले की ती सहाही धर्मशील कुत्री त्यांच्याभोवती जमू लागली. पहिल्यांदा अव्वानं त्याचं तोंड हुंगलं, मग चाटलं, मग बाकीच्यांनी रांग लावली. चार दिवसांपूर्वी ज्याच्या नरडीला जात होती, त्याच्या मिशीचे केस आता सहा जिभा पुसून काढत होत्या. अक्कानं ते पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला. "सहाच्या सहा बाटवली," ती म्हणाली. पण गुरगुर थांबली, हेही तिनं पाहिलं होतं.

गोष्ट लपण्यासारखी नव्हतीच. जो माणूस महादेवापुढं काठी धरतो तोच तसल्या पुड्याची काठी धरून गावातून चाललाय, हे पोरंसोरं चवीनं बघू लागली. माघाची पुनव आली आणि देवळाच्या ओट्यावर अण्णांना बोलावणं आलं. मीही गेलो. तिथले स्वामी आणि दोघं-तिघं वडीलधारे, सगळी आमचीच माणसं. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. स्वामी म्हणाले, "अण्णा, तुमचं मन आमाला ठावं हाय. पर काठीला हात लावायचा तर ती गल्ली सोडावी लागंल. शिवरात्रीला पंधरा दिवस हायत."

अण्णांनी विचारलं, "पंधरा दिवस त्यानं काय खावं, स्वामी?"

स्वामी म्हणाले, "ते आमी कसं सांगावं?"

अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. मग म्हणाले, "तर मग यंदा काठी धाकल्या भावाच्या पोराला द्या." एवढंच. मला स्वामींचा राग आला, अण्णांचा आला, आणि त्या मोडक्या पायाच्या कुत्र्याचा तर सगळ्यात जास्त आला. घरी येऊन अण्णा घोंगडी पांघरून पडले. त्या दिवशी ते कुठल्याच कुत्र्याशी कुठल्याच भाषेत बोलले नाहीत. मी अक्काला म्हणालो, "अक्का, तुम्ही तरी समजवा. चार पिढ्यांचा मान आहे." अक्का चुलीपुढं बसली होती. ती म्हणाली, "मान जाईल तर जाईल, मास्तर. ते कुत्रं मेलं, तर हा मानूस सहा म्हैने धड जेवायचा न्हाय. माझ्यात आता तेवढी ताकद न्हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं, जनाब-ए-आली धरून, पुन्हा खळ्यावर गेलो.

शिवरात्रीला अण्णा आपल्या ओट्यावर उभे राहिले. पालखी वळणावर दिसली, हलगी कडाडली, आणि बंदुकीची सवय असलेलं ते कुत्रं त्या आवाजानं थरथरा कापू लागलं. अव्वा आपल्या जागेवरून उठली आणि जाऊन त्याला टेकून बसली. अण्णांचं तिकडं लक्ष नव्हतं. पुतण्याच्या हातात काठी होती, नवखा पोरगा, जीव लावून धरत होता. कळस कलत होता. "उजवीकडं," अण्णा पुटपुटले. "उजवीकडं झुकतीया... हात खाली घे, खाली." त्यांचे दोन्ही हात नकळत छातीपुढं आले होते आणि हवेतलं काहीतरी सावरत होते. मला बघवलं नाही. मी कुत्र्यांकडं बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी उपास सुटला. अक्कानं अव्वाच्या ताटात ताक-भाकरी वाढली. अव्वानं चार घास खाल्ले आणि बाजूला सरकली, आणि जनाब-ए-आली लंगडत आले, ताटात तोंड घातलं आणि भाकरी खाऊ लागले. सगळी खाल्ली. ताट चाटून पुसून लखलखीत केलं, आणि आणखी आहे का म्हणून अक्काकडं पाहिलं. अण्णा उंबऱ्यावर बसले. कुत्र्यापुढं हात जोडून म्हणाले, "जनाब-ए-आली, हीच गुजारिश फिदवीनं म्हैनाभर केली. पंधरा दिस आधी मंजूर केली असती तर काय बिघडलं असतं?" आणि हसू लागले. हसता हसता त्यांनी टॉवेल डोळ्यांना लावला आणि तो बराच वेळ काढला नाही.

बातमी स्वामींकडं गेली. ते स्वतः घरी आले, चांगला माणूस तो. म्हणाले, "आता प्रश्न मिटला. शुद्धी करून घ्या, पुढल्या साली काठी तुमचीच." मला वाटलं, सुटलो. अण्णांनी ओट्यावर पसरलेल्या सात जणांकडं पाहिलं, मग रस्त्याकडं, येडशीच्या बाजूला. "न्हाय, स्वामी," ते म्हणाले. "ह्यो खातो भाकरी. पर ह्याच्यामागनं जे येईल, ते काय खातंय कुनाला ठावं?" आत अक्कानं तांब्या जोरात आपटला. पुढं चैत्रात आठवं आलंच.

मग निजाम गेला, बऱ्याच गोष्टी गेल्या, आणि दोन वर्षांनी अण्णाही गेले. भिंतीपलीकडं आता शांतता असायची, आणि जन्मभर जिची वाट पाहिली त्या शांततेत मला झोप येत नव्हती. त्या साली शिवरात्रीला मी अक्काच्या ओट्यावर जाऊन बसलो. अव्वा कधीच गेली होती, बाकीचीही एकेक करून गेली होती. जनाब-ए-आली तोंडावर पांढरे झाले होते. पालखी वळणावर आली. काठी सरळ होती, पुतण्याचा हात आता चांगला बसला होता. हलगी कडाडली आणि म्हातारं कुत्रं उठून कापू लागलं, टेकायला कुणी आहे का ते बघू लागलं. अक्कानं पदर सावरला. शाळेचं तोंड न पाहिलेली, उर्दूचं अक्षर न ओळखणारी, आयुष्यभर या कुत्र्यांच्या नावानं बोटं मोडणारी ती बाई खाली वाकली, दोन्ही हात जोडले आणि हळूच म्हणाली, "जनाब-ए-आली, तशरीफ रखिये."

ते तिच्या पायाला टेकून बसलं.