मायच्या गालावर चुना

"मावशींच्या पायातली चप्पल काढा. ब्लाउज पण नको. नुसती साडी गुंडाळू दे."

पुण्याहून आलेला दिग्दर्शक माझ्याकडं बघून बोलला. मावशी म्हणजे माझी माय. मी त्याच्याच कॅमेऱ्यावर सहायक होते. कळमनुरीजवळच्या आमच्या गावात आंध आदिवासींवर माहितीपट चालला होता. आमी आंध. गाव मीच दाखवलेलं. अंगणही आमचंच.

माय नवी साडी नेसून, केस विंचरून बसली होती. लेकीचं शूटिंग म्हणून.

"ब्लाउज काहून काढायचं?" तिनं मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत मेकअपवाली बाई वाटीत चुना कालवून आली. मायच्या गालावर पांढरे ठिपके काढायला लागली. घरी आलेल्या माणसाला न्हाई कसं म्हणायचं? माय डोळे मिटून बसली.

मी म्हणाले, "सर, आमच्यात असं लावत न्हाईत."

तो हसला. "अगं, तुम्ही मराठीच बोलता. साध्या शेतकऱ्यांसारखे दिसता. प्रेक्षकांना आदिवासी कळायला नकोत?"

डोकं सणकलं. शाळेत आदिवासी म्हणून मागं बसवलं. कॉलेजात म्हणाले, तू कुठली आदिवासी, वाटत तर नाहीस. आता हा माझ्या घरात येऊन माझ्या मायला आदिवासी करून राहिला होता.

मी कॅमेऱ्यापुढं जाऊन उभी राहिले. ओढणीनं मायचं तोंड पुसलं.

"बंद करा."

"तुला या लाइनीत राहायचंय ना?"

"राहायचंय. पण हे करून न्हाई."

ते सामान आवरून गेले. माझं कामही गेलं. माय एवढंच म्हणाली, "बरं केलंस. लई चरचरून राहिलं होतं."

मग उसन्या कॅमेऱ्यावर मी माझी फिल्म केली. नाच न्हाई, ढोल न्हाई, निवेदन न्हाई. माय नुसती बसून सरळ कॅमेऱ्यात बघते. बघणारा चुळबुळायला लागतो, तरी बघतच राहते.

मुंबईत ती फिल्म दाखवली. संपल्यावर एक बाई उठली. "छान आहे. पण यात आदिवासी कुठे आहेत?"

मी माईक घेतला. "इतका वेळ तुमच्याकडंच बघून राहिली होती."

दोघंतिघं उठून गेले. जाऊ द्या. कुणाला पटवायला मी फिल्म करत न्हाई. पुढची याहून लांब असेल. तिच्यात अख्खं गाव बसेल. आणि कुणी डोळे मिटणार न्हाई.